न फुटलेली अंडी काय सांगतात: परसातल्या एका कळपाचं वर्षभराचं प्रकरण

परसात 11 कोंबड्या, एक कोंबडा, विटा आणि लाकडी फळ्यांचं खुराडं, दिवसभर मोकळं चरणं. अंडी घरात लागत आणि वर्षातून तीन-चार वेळा खुडूक (अंडी देणं थांबवून ती उबवायला बसू पाहणारी) कोंबडी रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसवून कळप वाढवला जाई. थंडीच्या शेवटी बसवलेल्या 12 अंड्यांतून 10 पिल्लं निघाली. उन्हाळ्यात दोन कोंबड्यांखाली मिळून 24 अंडी ठेवली, त्यांतून निघाली फक्त 7. कळप तोच, दाणापाणी तेच, कोंबडाही तोच. घरातल्या सासूबाईंनी ठपका खुडूक कोंबडीवर ठेवला: "हिची ऊबच कमी आहे, हिला पुन्हा बसवू नका." सुनेला ते पटेना, कारण थंडीत 10 पिल्लं काढणारी कोंबडीच या दोघींपैकी एक होती. तिने राहिलेली 17 अंडी उकिरड्यावर न टाकता कोणत्या कोंबडीखालची कोणती ते लिहून ठेवून दिली आणि मला बोलावलं.

त्या एका गोष्टीसाठी मला त्या बाईंचं फार कौतुक वाटतं. अंडी फुटली नाहीत की बहुतेक घरांत ती लगेच फेकली जातात, आणि त्यांच्याबरोबर सगळा पुरावाही जातो. मग उरतात ते अंदाज. पिल्लू अंड्यात कोणत्या दिवशी मेलं हे कळलं तर चूक कुठे झाली याचा शोध निम्म्याने सोपा होतो. कोंबडीचं अंडं 21 दिवसांत उबतं आणि त्या 21 दिवसांतल्या प्रत्येक टप्प्याचे धोके वेगळे असतात.

अंडी आम्ही अंगणात, वाऱ्याच्या बाजूला पाठ करून, एकेक फोडली. कुजलेलं अंडं हातात फुटू शकतं, म्हणून पाण्याच्या भांड्यात धरून जाड बाजूने फोडावं. हवेची पोकळी त्याच बाजूला असते. 17 पैकी 13 अंड्यांत पिल्लाचा आकारच नव्हता. त्यांतल्या काहींत बलकावर रक्ताचं बारीक कडं दिसत होतं. असं कडं म्हणजे अंडं फळलं होतं, पण गर्भ पहिल्या दोन-चार दिवसांत मेला. बाकीची नुसती पातळ झालेली होती. ती मुळात फळलेलीच नव्हती की गर्भ अगदी सुरुवातीला मेला, हे 21 दिवसांच्या उबेनंतर खात्रीने ओळखता येत नाही. तीन अंड्यांत पिसं फुटू लागलेली, अर्धवट वाढलेली पिल्लं होती. एकात पूर्ण वाढलेलं पिल्लू चोच वर करून तसंच राहिलं होतं.

म्हणजे बहुतेक नुकसान पहिल्या आठवड्यातलं किंवा त्याआधीचं. ऊब कमी देणारी किंवा सारखी उठणारी कोंबडी असती, तर मरण सगळ्या टप्प्यांवर विखुरलेलं दिसलं असतं आणि जी निघाली ती पिल्लंही उशिरा निघाली असती. इथे निघालेली सातही वेळेवर निघाली होती. खुडूक कोंबडीवरचा आरोप माझ्या दृष्टीने इथेच डळमळला.

मग प्रश्न अंडी बसवण्याच्या आधीच्या दिवसांकडे वळला. अंडी कुठे ठेवत होता? स्वयंपाकघरातल्या फळीवर, टोपलीत. किती दिवस? खुडूक होईपर्यंत साठवत गेलो, दोन आठवडे तरी. आणि उन्हाळा ऐन भरात. फळलेलं अंडं घातलं जातं तेव्हा त्यात गर्भाची वाढ आधीच थोडी झालेली असते. गारव्यात ती थांबून राहते. 13 ते 18 अंश सेल्सिअसला ठेवलेलं अंडं आठवडाभर चांगलं टिकतं. तापमान पंचविशीच्या पुढे गेलं की वाढ अर्धवट सुरू होते, रात्री मंदावते, दुपारी पुन्हा सुरू होते, आणि असा गर्भ कोंबडीखाली जाण्याआधीच दुबळा होतो. फळीवरची ती टोपली म्हणजे अशा दुपारींचा लागोपाठ मारा होता. थंडीत तीच फळी, तीच टोपली, तेवढेच दिवस, आणि तरी 10 पिल्लं निघाली होती, कारण खोली आपसूक गार होती. घरच्यांनी काहीच बदललं नव्हतं, आणि उन्हाळ्यात नेमकं तेच नडलं.

फ्रिज हा यावर उपाय नाही. घरगुती फ्रिजचा 4-5 अंशांचा गारवा खाण्याच्या अंड्यांना ठीक, बसवायच्या अंड्यांना मारक. त्यांच्यासाठी आम्ही ओल्या वाळूत अर्धं पुरलेलं मातीचं भांडं घरातल्या सर्वांत सावलीच्या कोपऱ्यात ठेवलं. अंडी आत, कोरड्या भुशावर, जाड बाजू वर करून. अंड्याला पाणी लागू द्यायचं नाही, कारण ओल्या कवचाच्या छिद्रांतून जंतू आत शिरतात. खुराड्यातली अंडी दिवसातून तीन-चारदा उचलायची, प्रत्येकावर पेन्सिलीने तारीख घालायची आणि बसवताना सात दिवसांपेक्षा जुनं अंडं घ्यायचं नाही. अंडी कमी पडली तर कमी बसवायची. बारा पुरी करण्यासाठी पंधरा दिवसांपूर्वीची दोन घालण्यात काही अर्थ नसतो. त्यांतून पिल्लू निघण्याची शक्यता कमी असते आणि ती कुजून फुटली तर बाकीची खराब करतात.

उन्हाचा दुसरा मारा कोंबड्यावर झाला असावा. कोंबडीवर्गाला घाम येत नाही. तोंड उघडून धापा टाकणं आणि पंख अंगापासून दूर धरणं, हीच त्यांची मुख्य साधनं. पारा तिशीच्या पुढे गेला की खाणं कमी होतं, कोंबडा माद्यांवर चढायचा कंटाळा करतो आणि त्याच्या वीर्याचा कसही उतरतो. माद्यांमध्ये वेगळी गडबड होते. सतत धापा टाकल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्याच्याबरोबर कवचासाठी लागणारा चुनाही नीट जमत नाही. कवच पातळ येतं, आणि पातळ कवचाच्या अंड्यातलं पाणी लवकर उडतं. त्या घरची उन्हाळी अंडी हातात घेतली तेव्हा काहींची कवचं खरखरीत लागत होती. उपाय साधे होते आणि ते लगेच केले: दाणा पहाटे आणि ऊन उतरल्यावर, दुपारी फक्त गार पाणी, पाण्याची भांडी दोनाऐवजी चार आणि सगळी सावलीत, शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाडग्यात. तो दाण्यात मिसळू नये. जिला हवा ती घेते, कोंबड्याला नको असतो.

अर्धवट वाढलेल्या तीन पिल्लांचं कारण मात्र वेगळं निघालं. ती तिन्ही अंडी दुसऱ्या कोंबडीखालची होती आणि ती कोंबडी दुसऱ्या आठवड्यानंतर रात्री घरट्यातून उठून बाहेर बसत असे. रात्री विजेरी घेऊन घरट्याची लाकडी खोकी पाहिली, तर फटींतून लाल माइट (उवांसारखे दिसणारे बारीक रक्तपिपासू जीव) निघत होते. हे माइट दिवसा लाकडाच्या फटींत लपतात आणि रात्री कोंबडीचं रक्त पितात. उष्णतेत त्यांची एक पिढी आठवडा-दहा दिवसांत पुरी होते. दिवसाउजेडी कोंबडी तपासली तर अंगावर काहीच सापडत नाही, म्हणून घरच्यांच्या लक्षात आलं नव्हतं. खोकी उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवली, फटी चुन्याने बुजवल्या, घरट्यातलं जुनं गवत जाळलं. दहा दिवसांनी पुन्हा तेच केलं, कारण पहिल्या वेळी माइटची अंडी वाचतात. कोरडी माती आणि राख यांचा खड्डा कोंबड्यांना लोळायला करून दिला. खुडूक कोंबडी रोज थोडा वेळ उठते तेव्हा तिला अशी लोळण मिळाली पाहिजे.

पाऊस लागला आणि उन्हाळ्यात निघालेली सात पिल्लं साधारण महिन्याची झाली. मग एका आठवड्यात चार गेली. पंख गळालेले, पिसं फुगवून एका कोपऱ्यात गोळा, आणि विष्ठेत रक्त. ही रक्ती हगवण. तिचे परजीवी बहुतेक परसांत थोडेफार असतातच. कोरड्या जमिनीत ते निपचित राहतात. उबदार ओल मिळाली की विष्ठेतून पडलेली त्यांची बीजं एक-दोन दिवसांत लागण करण्याजोगी होतात आणि तीन ते सहा आठवड्यांची पिल्लं सर्वांत आधी सापडतात. इथे पाण्याचं भांडं थेट भुशावर ठेवलेलं होतं. त्याच्याभोवती हातभर जागा सतत भिजलेली होती आणि पिल्लं तिथेच दाणे टिपत होती.

पशुवैद्यकाने पाण्यातून अ‍ॅम्प्रोलियम सुरू केलं. इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. घरच्यांनी काळजीपोटी त्याच पाण्यात जीवनसत्त्वांचं औषधही मिसळलं होतं. अ‍ॅम्प्रोलियम परजीवीला बी-1 हे जीवनसत्त्व मिळू देत नाही, त्यावरच त्याचं काम चालतं. वरून बी-1 घातलं की औषधाची धार जाते. जीवनसत्त्वं बंद केली, भुसा पूर्ण बदलला, पाण्याचं भांडं विटांवर जाळी टाकून तिच्यावर ठेवलं. उरलेली तीन वाचली. भुसा मुठीत घट्ट दाबावा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे, सुटा झाला तर ठीक. पावसाळ्यात ही परीक्षा रोजची, आणि ती माझ्या मते कुठल्याही औषधापेक्षा मोलाची.

मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस त्या पिल्लांना पहिल्याच आठवड्यात डोळ्यात थेंब टाकून दिलेली होती. ती दिली नसती तर हे प्रकरण इथपर्यंत पोचलंच नसतं, कारण मानमोडी शिरली की लस न दिलेला कळप जवळजवळ पुरा जातो.

पावसाचा जोर ओसरल्यावर हवा गार झाली आणि पुन्हा 12 अंडी बसवली. या वेळी सगळं नीट होतं: आठवड्याच्या आतली, गार जागी ठेवलेली, खोकी स्वच्छ, कोंबडी थंडीतलीच, भरवशाची. सातव्या रात्री अंधारात विजेरी लावून अंडी पाहिली. 11 अंड्यांत काळा ठिपका आणि त्याच्याभोवती रक्तवाहिन्यांचं जाळं स्पष्ट दिसलं. एक कोरं होतं, ते काढून टाकलं. म्हणजे कोंबडा आता ठीक होता, साठवणही ठीक होती. आणि तरी पिल्लं निघाली फक्त 6.

मला हा भाग सगळ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. उन्हाळ्याचं कारण सापडलं म्हणून तिथेच थांबलो असतो, तर त्याच्याआड लपलेलं दुसरं कारण हाती लागलं नसतं. राहिलेली पाच अंडी फोडली. सगळी मधल्या आणि शेवटच्या टप्प्यावर मेलेली, आठव्या दिवसापासून अठराव्यापर्यंत. एका पिल्लाची चोच वाकडी होती. गरमीत असं चित्र नव्हतं. तिथे बहुतेक गर्भ पहिल्या आठवड्यातच संपल्यामुळे पुढचं काही दिसण्याची वेळच आली नव्हती.

मधल्या टप्प्यावर मरण आलं की दोन संशय येतात. एक, आईच्या खाण्यात काही कमी आहे. बी-2 कमी पडलं तर पिल्लं साधारण याच काळात मरतात, पण मग त्यांची पिसं गाठाळलेली आणि बोटं आत वळलेली दिसतात. इथे तसं नव्हतं, आणि दिवसभर हिरवळीवर चरणाऱ्या कोंबड्यांना बी-2 सहसा कमी पडत नाही. दुसरा संशय रक्ताचा. कोंबडा कुठून आणला, असं विचारलं. आणलेला नव्हता, इथलाच. त्याचा बाप? तोही इथलाच. सगळा कळप एका कोंबड्यापासून आणि चार कोंबड्यांपासून वाढलेला होता आणि दर पिढीत सर्वांत देखणा, सर्वांत दांडगा पोरगा कोंबडा म्हणून ठेवला जात होता. म्हणजे तो आपल्या बहिणींवर आणि आईवर चढत होता. सख्ख्या भावाबहिणीच्या किंवा आई-मुलाच्या जोडीतून झालेल्या पिल्लात, प्रत्येक जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याची शक्यता 25 टक्के असते, आणि हे पिढ्यान्पिढ्या चाललं की ती वाढत जाते. लपून राहिलेले दोष मग उघडे पडतात. मोठ्या कोंबड्यांत काही जाणवत नाही. पहिला फटका अंड्यातल्या पिल्लांना बसतो, आणि नेमका तोच कोणाला दिसत नाही.

संशय पक्का करायला एक साधी परीक्षा घेतली. त्याच कोंबडीला पुढच्या खुडूकपणात सहा अंडी घरची आणि सहा अंडी ओळखीच्या दुसऱ्या कळपाची दिली, प्रत्येकावर वेगळी खूण करून. ऊब एकच, घरटं एकच, दिवस तेच. बाहेरच्या सहातून पाच फुटली, घरच्या सहातून तीन. संख्या लहान आहे, यावरून कोणी टक्केवारी काढू नये. पण कोंबडीची ऊब आणि घरटं यांचा संशय मात्र तिथे पुरा फिटला, आणि सासूबाईंनी स्वतःच त्या कोंबडीला मूठभर दाणे जास्त घातले.

कोंबडा बदलायचं ठरलं. नवा कोंबडा नात्यात नसलेल्या कळपातून आणला आणि महिनाभर वेगळा ठेवला, दाणापाणी वेगळं, त्याच्याकडे जायचं ते घरच्या कोंबड्यांचं सगळं काम आटोपल्यावर. याला माझा आग्रह असतो. नवा पक्षी अंगावर उवा आणि श्वासाचे आजार घेऊन येऊ शकतो आणि दिसायला ठणठणीत असतो. या कोंबड्याच्या शेपटीखाली पिसांवरच्या उवा खरंच सापडल्या आणि वेगळा होता तोवरच त्यांचा बंदोबस्त झाला.

जुना कोंबडा काढल्यावर दुसऱ्या दिवसापासून अंडी नव्याची, असं धरता येत नाही. कोंबडीच्या शरीरात वीर्य साठवणाऱ्या सूक्ष्म नळ्या असतात आणि त्यात ते दोन आठवडे, कधी त्याहून जास्त जिवंत राहतं. तीन आठवडे जाऊ दिले आणि मगच बसवायची अंडी जमवली. या काळात घरच्यांनी दाणा बदलू नये, असं मी सांगितलं होतं. दोन्ही बदल एकदम केले असते तर फरक कशाने पडला ते कळलं नसतं. त्या रवणीत 12 पैकी 10 फुटली, पुढच्या 11 पैकी 9. मधल्या टप्प्यावर मेलेलं दोन्ही वेळा मिळून एकच होतं.

मधल्या थंडीत आणखी एक घोळ झाला होता. दिवस लहान झाले तशी अंडी घटली, चार कोंबड्यांनी पिसं गाळली आणि घरात त्या काढून टाकायच्या गोष्टी सुरू झाल्या. अंडी चालू राहायला साधारण 14 तास उजेड लागतो. तो कमी झाला की कोंबडी अंगावरची पिसं बदलते आणि खाल्लेलं सगळं पिसांत घालते. पिसं म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिन, म्हणून त्या दिवसांत प्रथिनं वाढवावीत आणि तिला हात कमी लावावा, नवी पिसं दुखरी असतात. दिवा लावून उजेड वाढवता येतो. पण ज्या कोंबड्यांची पिल्लं पुढे ठेवायची आहेत त्यांना मी ही विश्रांती घेऊ देतो. तिच्यानंतरची अंडी मोठी आणि कवचाने चांगली येतात.

थंडीला घाबरून खुराडं रात्री गोणपाटांनी गच्च बंद केलं होतं. सकाळी दार उघडलं की डोळे चुरचुरत. विष्ठेतून निघणारा अमोनिया आणि श्वासाची ओल आत कोंडली जात होती. पिसं कोरडी असली की मोठी कोंबडी थंडी सहज सोसते, ओल आणि कोंडलेली हवा सोसत नाही. वरच्या बाजूला, बसण्याच्या दांडीच्या उंचीपेक्षा वर, वीतभर पट्टी उघडी ठेवली. वारा अंगावर येत नाही आणि हवा खेळते. लहान पिल्लांचा नियम मात्र वेगळा आहे. आईशिवायच्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात 35 अंशांची ऊब लागते, मग दर आठवड्याला सुमारे 3 अंश कमी करत न्यायची. अंशांपेक्षा पिल्लांकडे पाहावं: दिव्याखाली गोळा झाली तर गारठली आहेत, भिंतीला चिकटून चोची उघडी ठेवली तर तापली आहेत, सगळीकडे विखरून टिपत असली तर बरोबर.

पुढच्या पैदाशीची आखणी आता दोन गटांची केली आहे. प्रत्येक पिल्लू आईच्या गटातलं मानायचं आणि त्या गटाच्या रंगाचं कडं पायात घालायचं, पाय जाडावला की कडं बदलायचं. एका गटातला तरुण कोंबडा दुसऱ्या गटातल्या माद्यांना द्यायचा, आपल्या आईच्या गटात कधीच नाही. तीन गट असते तर हे चक्र जास्त वर्षं चाललं असतं. एवढ्या जागेत ते झेपणार नाही, म्हणून दर दोन वर्षांनी बाहेरचा एक कोंबडा आणायचा आणि आधी महिनाभर वेगळा ठेवायचा. वर्षभर सगळ्या कोंबड्या एकत्रच चरतात. बसवायची अंडी जमवण्याआधी तीन आठवडे आणि जमवताना एक आठवडा, तेवढेच दिवस निवडलेल्या माद्या ठरवलेल्या कोंबड्याबरोबर वेगळ्या कुंपणात राहतात.

रवणी आता वर्षात दोनच: एक थंडी सरताना, एक पाऊस ओसरल्यावर. ऐन उन्हाळ्यात खुडूक झालेल्या कोंबडीला जाळीच्या तळाच्या, वारा लागेल अशा डालग्यात तीन-चार दिवस ठेवून तिचा खुडूकपणा मोडतात. तारखा, कोणाची अंडी, सातव्या रात्री किती कोरी, किती फुटली, आणि न फुटलेली कोणत्या टप्प्यावर मेली, या सगळ्याची वही सूनबाई लिहितात. शेवटच्या पानांवर एका कोंबडीची अंडी दोन्ही रवणींत कोरी गेली आहेत. तिच्या शेपटीभोवती पिसांचा दाट झुबका आहे, तो मिलनाच्या आड येत असावा, म्हणून तो कातरून पुढच्या वेळी तिची अंडी पुन्हा बसवायची आहेत.